या बठ्ठा, भरीत खावाले

मला मोबाईलचा राग आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हा राग काही अडाणीपणाचा नाही. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दिवसभर ओरडायचं, "बोला, दोंडाईचा लागला, बोला!" तेव्हा लोक फोनवर कामाचं बोलत. मूल झालं, माणूस गेलं, गाडी चुकली, मिरची पोचली. आता सकाळी डोळे उघडायच्या आत गुलाबाची फुलं येतात आणि त्यांच्याखाली कुणाचा तरी सुविचार. ज्यानं तो पाठवला त्यानं तो वाचलेला नसतो, माझी खात्री आहे.

त्यामुळे माझ्या भावजयीनं यूट्यूबवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली तेव्हा मी सरळ म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. धाकट्या भावाची बायको. दोंडाईच्याच्या अलीकडे, फाट्यावरून आत, आमच्या मूळ गावात ती दोघं शेती करतात. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. व्हिडिओ काढायची ती तिची मुलगी, माझी भाची. मला ती फुई म्हणते; आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. कॅमेऱ्यामागे तिचं खुदकन हसणं ऐकू यायचं आणि पुढे भावजय चुलीशी बसून अस्सल अहिराणीत बोलत असायची. बोलता बोलता शेजारणीला हाक मार, शेळीला हाकल, असं सगळं त्यातच.

नऊ दिवस गेले, नऊ महिने गेले, बघणारे वाढतच गेले. सुरतेला कामासाठी गेलेली आमच्याकडची माणसं तर तिचे व्हिडिओ जेवताना लावून बसायची. ते बहुतेक तिच्या शेवटच्या वाक्यासाठी. बाकीच्या बायका शेवटी म्हणतात, लाईक करा, सबस्क्राईब करा. हिला त्याची लाज वाटायची. मला म्हणाली, "अक्का, लोके आपलं देखतस नि वऱ्हतून आपनच त्यासले मांगानं? दारशी वनेल मानूसले आपन जेवाले बलावतस." दारी आलेल्याला जेवायला बोलवायचं, वरून त्याच्याकडेच मागायचं नाही; म्हणून तिचा प्रत्येक व्हिडिओ एकाच आमंत्रणानं संपायचा. ताट पुढे सरकवून ती म्हणायची, "या बठ्ठा, भाकर खावाले." कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, कधी शेवभाजी, हिवाळ्यात भरीत. या सगळे, खायला. आमच्याकडे असं म्हणायचंच असतं, आणि ऐकणाऱ्यानं "हो, येऊ येऊ" म्हणून निघून जायचं असतं. कुणी खरंच येत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गावाच्या शिवारात तारेचं कुंपण आलं. बाहेरची एक कंपनी, उन्हावर वीज करणारी. शेतं भाड्यानं देणाऱ्यांनी खुशीनं दिली होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वीज कुणाला नको आहे? पण त्या शेतांच्या मधून जुना गाडरस्ता जात होता. कंपनीच्या नकाशात तो नव्हता, म्हणून खांब सरळ त्याच्यावरून गेले. एका सकाळी लोक वावरात, म्हणजे शेतात, निघाले तर पुढे तार.

वावरात जायला बांधाबांधानं दुसरी वाट निघाली. पण भाची त्याच रस्त्यानं सायकल घेऊन फाट्यावर जायची आणि तिथून एसटीनं कॉलेजात. बारावीचं वर्ष. आता तिला टेकडीला वळसा घालून बाभळीच्या रानातून जावं लागणार होतं, आणि त्या बाजूला दिवसाही चिटपाखरू नसतं. माझा भाऊ वाईट माणूस नाही. पण काळजी करणारा बाप आणि अडवणारा बाप यांच्यात आमच्याकडे फार अंतर नसतं. आठवडाभर त्यानं स्वतः मोटारसायकलवर सोडलं. मग कापूस वेचणीला आला. मग तो म्हणाला, थोडे दिवस घरी बस. आणि थोड्याच दिवसांत शिरपूरकडचं एक स्थळ निघालं. घरी बसलेल्या मुलीला स्थळ कसं शोधत येतं, हे मला या वयातही उमगलेलं नाही.

गावानं अर्ज दिले. अर्ज घेतले गेले, चहाही मिळाला, रस्ता तेवढा मिळाला नाही. भाऊ मला फोनवर म्हणाला, "अक्का, रविवारी पाहुणे येणार आहेत. तू मोठी, तू पाहिजेस." मी मनातून चिडले, पण बॅग भरली.

त्याच आठवड्यात भावजयीनं भरताचा व्हिडिओ टाकला. दरवर्षी ती वावरात, विहिरीजवळ वांगी भाजते. यंदा बांधाबांधानं एवढं सामान नेणं जमेना, म्हणून तिनं तारेच्या अलीकडेच पऱ्हाट्यांचा जाळ केला. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या. त्यांच्यावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवरच्या वांग्याला येत नाही, याबद्दल आमच्याकडे वाद घालायचा नसतो. वांगी फिरवता फिरवता ती बोलत राहिली. "औंदा भरीत वावरमा नही, तारनी आडे शे. मन्ही पोर हाई वाटखाल कॉलेजले जाये. आते वाट बंद, कॉलेजबी बंद." एवढंच. कुणाला शिवी नाही, आवाज चढवणं नाही. शेवटी ताट पुढे केलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "या बठ्ठा, भरीत खावाले."

खाली कुणीतरी लिहिलं, "ताई, खरंच येऊ का? कधी येऊ?"

आता शहरातल्या शहाण्या बाईनं यावर दोन हात जोडलेले चित्र टाकलं असतं आणि विषय मिटवला असता. पण जेवायला येऊ का असं विचारणाऱ्याला उत्तर न देणं आमच्याकडे पाप समजतात, आणि नको म्हणणं त्याहून मोठं पाप. भावजयीनं लगेच एक छोटा व्हिडिओ काढून टाकला, "या ना भो, इचारतस काय? आयतवारे या, तारजोडे."

शनिवारी मी पोचले तेव्हा हे मला कळलं. मी कपाळाला हात लावला. "अगं, हे तर हात दाखवून अवलक्षण! आणि रविवारी पाहुणे यायचेत ना मुलीला बघायला?"

तिनं माझ्याकडे न बघता कळण्याचं पीठ चाळत म्हटलं, "मंग? त्यासलेबी भरीत वाढसूत."

तिनं रविवारच का सांगितला, हा प्रश्न मी तिला नंतर पुष्कळदा विचारला आहे. ती हसते आणि विषय बदलते. मला जे समजायचं ते मी समजले आहे.

रविवारी सकाळी आम्ही बायका पीठ, तेल, ठेचायला मुसळ असं घेऊन तारेपाशी गेलो. माझा अंदाज होता, आठदहा टवाळ पोरं येतील, फोटो काढतील, खातील, जातील. उन्हं वर आली आणि फाट्याकडून, टेकडीला वळसा घालून, मोटारसायकली यायला लागल्या. मग टेम्पो. मग चालत येणारी माणसं, पोराबाळांसकट. दूर सावद्याकडून एक पिकअप आली, ती केळीच्या पानांनी आणि हिरव्या वांग्यांनी गच्च भरलेली. भरीत खायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे इकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जो आला तो वांगी घेऊन आला. सावद्याकडच्यांची बोली निराळी. ते आमच्या बोलण्याला हसले, आम्ही त्यांच्या, आणि मग सगळे मिळून पऱ्हाट्या मोडायला बसले. दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी चाचा आले. भावजय वर्षानुवर्षं त्यांच्याकडून मिरची घेते, आणि त्यांच्या घरच्या सगळ्या सुना तिचे व्हिडिओ बघतात. त्या सुना, मिरचीचं पोतं आणि घरची मोठी देग असं सगळं घेऊन ते उतरले आणि मला म्हणाले, "अक्का, मिरची मी लई वनू. तिखट नही व्हयनं ते मन्हं नाव बदला." आमच्याकडे लई म्हणजे घेऊन.

तारेच्या कडेनं, नजर जाईल तिथवर, जाळ पेटले. टीव्हीवर मी पाहिलं होतं, दूरदेशीच्या पोरांनी मोबाईलवरून एकमेकांना हाका मारल्या, चौक भरून गेले आणि राज्य करणाऱ्यांना पळता भुई थोडी झाली. तेव्हा मी म्हणायची, ती मोठ्या शहरांची कामं; आमच्या चौकात चार माणसं जमतात ती तंबाखू मळायला. त्या सकाळी मात्र मी ते वाक्य मागे घेतलं. यातल्या बहुतेकांना भावजय ओळखत नव्हती. तिनं फक्त या म्हटलं होतं, आणि ते आले होते. मला अभिमान वाटला, अगदी ऊर भरून आला. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी पदर लावला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दोन पोलीस आले. त्यांतला एक म्हणाला, "जमाव कसला आहे? परवानगी घेतली का?"

भावजय मुसळ थांबवून म्हणाली, "भरीत खावाले परवानगी लागस का, भाऊ?"

तो आमच्याकडचाच असावा. त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं वांग्यांकडे पाहिलं, आणि दोघं सावलीला जाऊन बसले. त्यांनाही पान वाढलं गेलं.

तारेच्या आत कंपनीचा वॉचमन होता, परमुलखातला, तरुण. सकाळपासून तो काठी घेऊन एका जागी उभा होता. भावजयीनं तारेखालून त्याच्याकडे पान सरकवलं. त्यानं मान हलवून नको म्हटलं. तिनं पुन्हा सरकवलं. तिसऱ्यांदा तो खाली बसला.

इथवर मी मोबाईलची स्तुती केली, आता त्याचा दुसरा गुण सांगते. दुपारी कुणीतरी दुरून आमच्या धुराचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "तारेपाशी जाळपोळ. कंपनीच्या माणसांनी बाईला मारलं." वांग्यांचा धूर तो! पण तासाभरात ते गावोगाव फिरलं. भाचीला पलीकडच्या गावातल्या मैत्रिणीचा फोन आला की तिकडची पोरं काठ्या घेऊन मोटारसायकलींवर निघाली आहेत. पोलीस उठून उभे राहिले, वॉचमनचा घास हातातच राहिला. एक काठी पडली असती तर रस्ता, कॉलेज, सगळंच मातीत गेलं असतं, आणि भाऊ म्हणाला असता, बघा, म्हणूनच मी पोरीला बाहेर पाठवत नव्हतो.

भावजय उठली नाही. तिनं लेकीला म्हटलं, "लाव तुन्हं ते लाईव्ह." आणि वॉचमनच्या शेजारी, तारेला पाठ लावून, बसली. कॅमेरा सुरू झाल्यावर म्हणाली, "हाऊ देखा. हाऊ माले कसाले मारी भो? हाऊ मन्हं भरीत खाई ऱ्हायना." वॉचमननं घाईघाईनं तोंडात घास घातला आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. तिखट लागून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, लोक हसले. मग ती म्हणाली, "काठ्या लई येवानं काम नही. वांगा लई या."

एक्स्चेंजमध्ये मी कितीतरी फोन ऐकले आहेत, रागाचे, रडण्याचे, भांडणाचे. वेळेवर पोचलेल्या दोन शब्दांनी काय होतं हे मला माहीत आहे. तरी इतके साधे शब्द इतक्या वेळेवर मी कधी ऐकले नव्हते. पोरं आली ती वरमलेली आली. काहींच्या हातात खरंच वांगी होती, वाटेतल्या कुणाच्या वावरातून आणली असतील, मी चौकशी केली नाही. काठ्या चाचांच्या देगेखाली जळणाला गेल्या.

उन्हं उतरताना कंपनीचा साहेब जीपमधून आला. बहुधा घोषणा, दगड, असल्या कशाची तयारी ठेवून आला असावा. त्याच्या ड्रायव्हरनं उतरताच पान घेतलं, साहेबानं घेतलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "हे पाहा, आमच्या नकाशात इथे रस्ताच नाही. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर दाखवा."

चाचा म्हणाले, "मन्हा बाप हाई वाटखाल बैलगाडी लई जाये, मिरची लेवाले."

साहेब म्हणाला, "आजोबा, तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर..."

तेव्हा भाची पुढे झाली. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं ती आठवडाभर वाचत होती. ती एका बैलगाडीवर चढली आणि मोबाईल समोर धरून मोठ्यानं वाचायला लागली. सुरतेहून एकीनं लिहिलं होतं, मी याच रस्त्यानं नवरी होऊन गावात आले, चिंचेपाशी गाडीचं चाक निखळलं होतं. एका म्हाताऱ्यानं नातवाकडून लिहून घेतलं होतं, माझ्या आईची तिरडी याच वाटेनं गेली. कुणी त्या रस्त्यानं शाळेत गेलं होतं, कुणी त्या रस्त्यानं घर सोडून पळालं होतं आणि त्याच रस्त्यानं परत आलं होतं. गाव सोडून गेलेली इतकी माणसं, आणि प्रत्येकाकडे त्या रस्त्याचा एकेक तुकडा जपलेला. पोरीचा आवाज सुरुवातीला कापत होता. मग कापायचा थांबला. ती वाचत गेली, आणि सगळी माणसं हातातला घास थांबवून ऐकत राहिली.

मी भावाकडे पाहिलं. दिवसभर तो जाळापाशी वांगी उलटी करत होता, कारण येणारा प्रत्येक माणूस त्याला विचारत होता, "हसणारी ती पोर तुमचीच का? कॉलेजला जाते ती?" आणि तो प्रत्येकाला हो म्हणत होता. आता तो हातात जळतं लाकूड धरून उभा होता आणि लेकीकडे असा बघत होता की जणू ही मुलगी कुणाची हे त्यालाच विचारायचं आहे.

साहेब बाजूला जाऊन फोनवर बोलला. पुष्कळ वेळ बोलला. मग येऊन म्हणाला की मोजणी होईपर्यंत रस्ता मोकळा राहील, आणि वॉचमनला तार सोडायला सांगितलं. पुढे मोजणी झाली, कुंपण दोन्ही बाजूंनी मागे सरकलं, रस्ता आजही चालू आहे. पण ते पुढचं. त्या दिवशी वॉचमननं पक्कड आणली आणि तेलकट हातांनी दोन खांबांमधली तार सोडली. भाचीनं सायकल काढली. फाट्याच्या दिशेनं ती निघाली तेव्हा लोकांनी दोन्ही बाजूंना सरून तिला वाट दिली. गाव करील ते राव काय करील, असं आम्ही उगाच म्हणत नाही. फक्त यावेळी गाव जरा मोठं होतं, सावद्यापासून सुरतेपर्यंत पसरलेलं.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. शिरपूरचे पाहुणे. गर्दीमुळे फाट्यावरच त्यांची गाडी अडकली होती, घराकडे कसं यायचं विचारत होते. भावजय मान खाली घालून वांग्याची सालं काढत राहिली. बोटं भाजत होती, पण तिनं हात मागे घेतला नाही. भाऊ सायकलीकडे बघत होता. सायकल चिंचेच्या पुढे गेली होती.

"हा भाऊ, नमस्कार," तो फोनमध्ये म्हणाला. "फाट्यावर शेतस का? मंग या ना, भरीत खावाले या." मग घसा साफ केला. "पोर देखाले मातर येवु नका. ती आते कॉलेजले जास."

तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. भावानं फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं. "कट व्हयना," तो म्हणाला.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत बोलता बोलता फोन तुटला की दोन्हीकडच्या शिव्या मलाच खाव्या लागायच्या. तुटलेल्या फोनचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला. मी भावाला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि त्याच्या पानावर स्वतःच्या हातानं भरीत वाढलं.